यंत्रांची यादी बाजूला ठेवा, आधी पटाशी पाजळा

वाचक लिहितात: मी सेहेचाळीस वर्षांची आहे. दिवसभर हिशेबाचं काम करते आणि रात्री लाकूडकामाचे व्हिडिओ बघत बसते. आता स्वतः करून बघायचं आहे. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली शेजारी राहतात, आणि मोकळी जागा म्हणजे सामानाने अर्धी भरलेली एक लहान खोली. टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेवरची गोल करवत), राउटर (खाचा पाडायचं यंत्र) आणि सँडर (लाकूड घासायचं यंत्र) अशी यादी करून ठेवली आहे. पहिलं काम म्हणून मुलीच्या खोलीत पाच फूट लांबीचं पुस्तकांचं शेल्फ करायचं मनात आहे. नवऱ्याचं म्हणणं, एवढा खर्च करशील आणि चार दिवसांत कंटाळशील. शाळेत असताना पट्टी धरूनही माझी रेघ कधी सरळ आली नाही. माझ्याच्याने हे होईल का? आणि नऊ वर्षांची मुलगी मध्ये मध्ये येणार, तिला जवळ येऊ द्यावं का? – लाकूडवेडी

प्रिय लाकूडवेडी,

होईल. पण यादीतलं एकही यंत्र आत्ता घेऊ नका, आणि टेबल सॉ तर त्या खोलीत कधीच आणू नका. साधा हिशेब करा, तो तर तुमचा रोजचाच आहे. पाच फुटांची फळी टेबल सॉमधून काढायची म्हणजे पात्याच्या अलीकडे पाच फूट आणि पलीकडे पाच फूट मोकळे हवेत, शिवाय तुम्ही उभ्या कुठे राहणार? फळी जरा तिरकी होऊन पात्याच्या मागच्या दातांत अडकली, तर ती उलटी तुमच्याच अंगावर भिरकावली जाते. असं यंत्र सहज १०० डेसिबलच्या आसपास आवाज करतं. ८५ डेसिबलच्या वर रोज बराच वेळ राहिलं तर कानांना कायमची इजा होऊ शकते. खालच्या शेजाऱ्यांचं तर विचारूच नका.

राउटर आणि सँडरची अडचण वेगळी, ती म्हणजे धूळ. करवतीचा भुसा जड असतो, खाली पडतो, झाला. सँडरची बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगते आणि बंद खोलीतून थेट छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. हा निष्कर्ष वर्षानुवर्षं धुळीत राबणाऱ्या कामगारांवरून काढलेला आहे, म्हणून घाबरून जाऊ नका. पण घरात मूल आहे, तेव्हा धूळ होऊ न देणं हे ती झाल्यावर झाडत बसण्यापेक्षा केव्हाही बरं. हाताने पॉलिशपेपर घासायचा तेव्हाही एन९५ मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, आणि नंतर कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेला बोर्ड, घरात कापू नका. त्याची धूळ फार बारीक असते आणि ते बांधायला वापरलेल्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं.

मग उरतं काय? हातहत्यारं. ती यंत्रं परवडत नाहीत त्यांच्यासाठी असतात असा एक समज आहे. तुमच्यासारख्या जागेत मात्र तीच योग्य आहेत. रंधा मारला की ढलप्या पडतात, धूळ उडत नाही. करवतीचा आवाज भिंतीपलीकडे फारसा जात नाही. शिवाय चूक हळूहळू होते, म्हणजे थांबायला वेळ मिळतो.

हत्यारं मोजकी घ्या आणि बरी घ्या. एक करवत, दोन पटाश्या, म्हणजे लाकूड तासायच्या सपाट छिन्न्या (एक १२ मिलिमीटर रुंद, एक २० ते २५), साधारण चौदा इंची लोखंडी रंधा, काटकोन बघायचा एक गुण्या, एक धारदार चाकू, पटाशीवर ठोकायची लाकडी मोगरी आणि तुकडे आवळून धरायचे चार क्लॅम्प. करवत शक्यतो ओढताना कापणारी, जपानी धाटणीची घ्या. तिचं पातं पातळ असतं, ताण बसल्याने सरळ राहतं आणि नवख्या हाताला लवकर वळण लागतं. काहींना दोन्ही कडांना दात असतात, एक कड तंतूंच्या दिशेने चिरायला आणि दुसरी आडवं कापायला. अशी एकच करवत पुष्कळ झाली. तिचे दात कडक केलेले असल्याने घरी धार लावता येत नाही, बोथट झाली की पातं बदलायचं, एवढी गोष्ट लक्षात ठेवा. विजेवरचं काही हवंच असेल तर बॅटरीवर चालणारं ड्रिल घ्या, बाकी काही नाही.

आणि या सगळ्याच्या आधी धार लावायचा दगड घ्या. व्हिडिओ बघून तुम्हाला जे कळलेलं नसणार ते हेच. तिथे पटाशी लाकडात अलगद शिरते, पातळ पापुद्रा वळून बाहेर येतो, बघणाऱ्याला वाटतं हात काय तयार आहे! हात तयार असतोच, पण त्याआधी तो माणूस निसण्यावर बसलेला असतो आणि तेवढा भाग कुणी दाखवत नाही. दाखवला तरी कोण बघणार म्हणा.

नव्या पटाशीला धार असते असं आपण धरून चालतो. ती कारखान्यातून घासून येते, पाजळून येत नाही. पहिलं काम तिच्या सपाट पाठीचं. धारेलगतचा दोन-तीन सेंटिमीटरचा भाग १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) पूर्ण टेकवून घासायचा, सगळीकडे एकसारखी चमक येईपर्यंत. याला कंटाळवाणे एक-दोन तास लागू शकतात, पण त्या पटाशीच्या आयुष्यात हे एकदाच करायचं असतं. मग उतरती बाजू. पटाश्या साधारण २५ अंशांच्या उतारावर घासलेल्या येतात. तो उतार दगडावर टेकवून मागचं टोक किंचित उचललं की ३० अंशांच्या आसपास धारेशी एक अरुंद पट्टी तयार होते. कोन हाताने सांभाळता येत नसेल तर कोन धरून ठेवणारं चाकाचं छोटं साधन मिळतं, ते खुशाल वापरा. काही जाणकार त्याला नाकं मुरडतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

घासता घासता पटाशीच्या पाठीकडून बोट धारेच्या बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवा. सगळ्या रुंदीवर खरखर लागली की समजायचं, घासणं धारेपर्यंत पोचलं. ती खरखर लागेपर्यंत बारीक दगडाकडे जायचं नाही. नवखे अडतात ते नेमके इथेच: अर्धवट घासून बारीक दगड घेतात आणि मग तासभर चकाकी आणत बसतात. खरखर आली की ६००० नंबरचा दगड, थोडं पुढून, थोडं पाठीवर, आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट लावून धार मागे ओढत काही हात. दगडावर खर्च करायचा नसेल तर जाड काचेवर पाण्यात चालणारा पॉलिशपेपर चिकटवूनही सुरुवात होते. दगडसुद्धा वापरून मध्ये खोलगट होतो. तोही अधूनमधून काचेवरच्या खरखरीत कागदावर घासून सपाट करावा लागतो.

धार आली की नाही हे बोटावर तपासू नका. पाइनचा एक तुकडा घ्या आणि त्याच्या आडव्या कापलेल्या टोकावरून पटाशीने पातळ चकती काढा. मऊ लाकूड इथे खोटं बोलत नाही. पटाशी बोथट असेल तर तंतू चिरडतात आणि पृष्ठभाग पांढुरका, भुसभुशीत दिसतो. धार असेल तर तो गुळगुळीत, किंचित चमकदार निघतो. एकदा हे जमलं की पुढे दर वेळी पाचेक मिनिटांचं काम. बोथट हत्यार सुरक्षित असतं असं घरचे म्हणतील, पण ते खरं नाही. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली पटाशी सटकली की थांबवता येत नाही. नियम एकच पाळा: तुकडा क्लॅम्पने आवळा आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा. डाव्या हाताने तुकडा धरून उजव्या हाताने पटाशी मारायची नाही, ‘एवढंसंच आहे’ म्हणूनही नाही.

आता तुमच्या वाकड्या रेघेविषयी. शाळेतली रेघ विसरा, सुतारकामात पेन्सिलीच्या रेघेवर कुणी फारसं विसंबून राहत नाही. सांध्याची रेघ चाकूने आखतात. गुण्या टेकवायचा आणि चाकू दोन-तीनदा हलकाच ओढायचा. वरचे तंतू कापले जातात आणि एक सूक्ष्म खाच तयार होते. टाकाऊ बाजूने पटाशीचा एक तिरपा काप देऊन खाच थोडी रुंद केली की करवत आपसूक तिच्यात बसते आणि सरळ जाते. पेन्सिलीची रेघ अर्ध्या मिलिमीटरची असली तरी तिच्या या बाजूने कापायचं की त्या, हा घोळ राहतोच. चाकूच्या रेघेला जाडी नसते.

बाकी सरळपणा उभं राहण्यात असतो. करवत, मनगट, कोपर आणि खांदा एका ओळीत हवेत. म्हणजे तुम्ही फळीच्या समोर नाही, थोडं बाजूला उभं राहायचं. मूठ सैल धरा. घट्ट धरलेली करवत हमखास भरकटते. आणि मोजमाप जमेल तितकं टाळा. तुम्ही हिशेबातल्या आहात, हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण जिथे एक तुकडा दुसऱ्यात बसायचा असतो तिथे टेप बाजूला ठेवून पहिला तुकडा दुसऱ्यावर ठेवायचा आणि त्याच्याच कडेने चाकू ओढायचा. आकडा मनात आला की वाचताना एक चूक, लिहिताना एक आणि आखताना एक. तसंच प्रत्येक फळीची एक बाजू आणि एक कड आधी सपाट व काटकोनात करून त्यावर खूण करून ठेवा, आणि गुण्या कायम त्याच दोन बाजूंना टेकवा. मापं जुळत नाहीत अशी तक्रार बहुतेक वेळा गुण्या कधी या कडेला, कधी त्या कडेला लावल्यामुळे असते.

जागेचं म्हणाल तर खोलीपेक्षा टेबल महत्त्वाचं. रंधा मारताना टेबल हललं की सगळा जोर टेबल हलवण्यात जातो. जड, बुटकं टेबल भिंतीला टेकवा आणि भिंतीच्या दिशेने रंधा मारा. सरळ उभं राहून हात खाली सोडले की मनगट जिथे येतं, साधारण तेवढी उंची रंध्याला सोयीची. मोगरीचे ठोके टेबलाच्या मध्यावर न मारता पायाच्या वर मारा आणि पायांखाली जाड रबर ठेवा. खालच्या घरात पोचतो तो हवेतला आवाज कमी आणि जमिनीतून जाणारा धक्का जास्त. ठोकायचं काम दिवसाच उरका.

पाच फुटांचं शेल्फ पहिलं काम म्हणून नको. पहिलं काम बेंच हुक. एक सपाट फळी, तिच्या एका टोकाला वरून एक पट्टी, दुसऱ्या टोकाला खालून एक पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला तुकडा टेकवून करवत चालवायची. तीन तुकडे, पण त्यात आखणं, कापणं, रंधा, काटकोन आणि डिंक सगळं येतं. आणि ते वाकडं झालं तरी पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतं. त्यानंतर झाकण नसलेली एक लहान पेटी, मग बुटकं स्टूल. स्टुलाला घाई करू नका, कारण त्यावर माणूस बसतो.

सरावाला पाइनसारखं मऊ लाकूड घ्या. सागवान चांगलं खरं, पण त्यात नैसर्गिक सिलिका असते आणि धार लवकर जाते. नवशिक्याला आधीच धारेची मारामार. मालाच्या फळकुटांचं, म्हणजे पॅलेटचं लाकूड फुकटात मिळालं तर आधी शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेलं, ते घरात नको. खिळे मात्र दोन्हींत असतात, आणि एक खिळा रंध्याच्या पात्याची सगळी धार घालवतो.

लाकूड तोडून फळी केली की संपलं, असं नसतं. ते हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर फुगतं नि आकसतं. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत भरतो. फूटभर रुंद फळी कोरड्या आणि दमट दिवसांत दोन-तीन मिलिमीटरनी सहज कमी-जास्त होते. म्हणून रुंद फळीच्या खाली आडवी पट्टी डिंकाने पूर्ण चिकटवली की फळी हलू पाहते, पट्टी हलू देत नाही, आणि मध्ये चीर जाते. पट्टी लावायचीच तर मधल्या स्क्रूने पक्की करा आणि कडेच्या स्क्रूंसाठी लांबट भोकं पाडा. आणलेलं लाकूड लगेच कापू नका, काही आठवडे त्याच खोलीत हवा खेळती राहील असं रचून ठेवा. ओलं लाकूड वाळवायचा जुना आडाखा तर इंचभर जाडीला एक वर्ष असा आहे, तेव्हा वाळलेलंच विकत घ्या.

डिंकाबद्दल एकच गोष्ट. लाकूड म्हणजे नळ्यांची जुडी समजा. नळ्यांच्या उघड्या तोंडांवर डिंक लावला तर तो आत शोषला जातो आणि सांधा कच्चा राहतो. नळ्यांच्या अंगाला अंग चिकटलं की तो लाकडापेक्षा पक्का होतो. म्हणूनच फळीचं टोक दुसऱ्या फळीला नुसतं चिकटवून भागत नाही, खाच करून बसवावं लागतं. पांढरा डिंक अर्ध्या-एक तासात धरतो, पण भार द्यायचा तर २४ तास थांबा. बाहेर आलेला डिंक ओला पुसू नका, रबरासारखा झाला की पटाशीने खरवडा. नाहीतर तो लाकडात पसरतो आणि पॉलिश लावलं की तिथे डाग उठतात.

एवढं झालं की शेल्फ. तेही भरीव लाकडाचं न करता १८ मिलिमीटर प्लायचं करा आणि फळ्या दुकानातूनच मापात कापून आणा. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे ते फारसं फुगत-आकसत नाही. मात्र त्यातल्या डिंकाने रंध्याची धार जाते आणि कडा फाटतात, म्हणून घरी कापण्यात अर्थ नाही. पाच फुटांचा कप्पा सलग ठेवू नका. पुस्तकांचा भार सारखा पसरलेला असला की लांबी दुप्पट केल्यावर वाक सोळा पटींनी वाढतो. म्हणजे मध्ये एक उभी फळी घालून अडीच-अडीच फुटांचे दोन भाग केले की तीच फळी पाच फूट सलग असताना वाकली असती त्याच्या सोळाव्या हिश्शाच्या आसपास वाकेल. पुढच्या कडेला दीड-दोन इंच उंचीची भरीव लाकडाची पट्टी उभी चिकटवा. त्याने वाक आणखी कमी होईल, प्लायची कडही झाकली जाईल, आणि तिथे तुमचा रंधाही चालेल. आणि शेल्फ उंच असो वा बुटकं, भिंतीला स्क्रूने बांधाच. मुलं कप्प्यांवर पाय देऊन चढतात.

पॉलिशमध्ये मुलीच्या खोलीसाठी पाण्यात मिसळणारं निवडा, वास कमी येतो. जवसाचं तेल लाकडावर सुंदर दिसतं, पण पुस्तकांच्या कप्प्यांना ते नको, वास रेंगाळतो. कुठे वापरलंच तर तेलाचं फडकं चुरगाळून टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. घराबाहेर पसरून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. याच्यात हयगय नको.

नवऱ्याचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. कंटाळा येऊ शकतो, विशेषतः पटाशीची पाठ घासताना. पण मी सांगितलेल्या यादीचा खर्च टेबल सॉच्या मानाने किरकोळ आहे, आणि चांगली पटाशी-रंधा वापरलेल्या स्थितीतही विकले जातात. त्यांना बेंच हुकपर्यंत थांबायला सांगा. तोवर तुम्हालाच कळेल की धार लावणं जड जातंय की त्यातच वेळ बरा चाललाय. जड जात असेल तर शेल्फ तयार विकत आणा आणि हा नाद सोडा, त्यात कमीपणा काही नाही.

मुलीला जरूर जवळ घ्या, पण ‘बघत बस’ म्हणून नको, मुलं तेवढ्याने टिकत नाहीत. गुण्या टेकवून पेन्सिलीने आखणं, डिंक पसरणं, मास्क लावून हाताने पॉलिशपेपर घासणं, क्लॅम्पची मूठ आवळणं ही कामं तिची. बेंच हुकवर पातळ पट्टी कापायलाही ती शिकेल, आधी तुमचा हात तिच्या हातावर ठेवून. डोळ्यांवर चष्मा दोघींच्याही हवा, केस बांधलेले आणि बाह्या वर. ड्रिल चालू असताना ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, आणि फिरत्या यंत्राजवळ हातमोजे कुणीच घालायचे नाहीत, ते फिरत्या भागात गुंतून हात आत ओढतात. पटाशी तिच्या हातात अजून दोन-तीन वर्षं देऊ नका, आणि काम संपल्यावर पटाश्या कुलपात ठेवा, कारण तुम्ही त्या आता खरंच धारदार केलेल्या असतील.